खवल्याच्या पाठीवरची चेन

खोटं वाटलं तर वाटू दे. मी वाद घालणार नाही.

जे घडलं ते माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, किशोरीच्या बाबतीत घडलं. ती रंगवून सांगणाऱ्यातली नाही. मुळात ती बोलतेच कमी. हे सगळं तिने मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. आज भाजी काय केली ते सांगावं, तसं.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. गाव दिवेआगर. किशोरीच्या घरामागे नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडी संपली की सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र.

दिवेलागण नुकतीच झाली होती. अमावास्या वगैरे काही नव्हती. साधा शनिवार होता.

आधी थोडं मागचं सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही.

किशोरीचं लग्न झालं, त्याच साली मुंबईचा एक माणूस कॅमेरा घेऊन गावात आला. त्याला भुताचा पिक्चर काढायचा होता. खिसा रिकामा, पण हौस दांडगी. पिक्चरचं नाव 'खवल्या'. समुद्रातून एक राक्षस येतो, वाडीत शिरतो आणि एकेकाला ओढून नेतो, एवढीच कथा. राक्षसाचा पोशाख गावातच बनला. कोळ्यांकडचं फाटकं जाळं, त्यावर काथ्या आणि पोफळीच्या वाळक्या विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा जाड पापुद्रा, कापून चिकटवलेले खवले. डोळ्यांच्या जागी सायकलचे लाल रिफ्लेक्टर.

तो पोशाख घालायला मुंबईहून आणलेला माणूस पहिल्याच दिवशी उकाड्याने चक्कर येऊन पडला. मग किशोरीचा नवरा पुढे झाला. धनेश.

धनेश पोफळीवर चढण्यात पटाईत. पण लहानपणी एकदा वरून पडला होता. तेव्हापासून चालताना त्याचा उजवा पाय मागे ओढला जायचा. कॅमेरावाल्याला नेमकी तीच चाल आवडली.

पोशाखाची चेन पाठीवर होती. आतल्या माणसाचा हात तिथवर पोचत नसे. शॉट संपला की धनेश आतून ओरडायचा, "किशोरी, चेन काढ गो! जीव गुदमरतोय!"

नवी नवरी किशोरी पदर खोचून धावायची. चेन सारखी काथ्यात अडकायची. ती सोडवणं फक्त तिलाच जमायचं.

पिक्चर कधी लागला आणि कधी उतरला, कुणाला कळलंही नाही.

बऱ्याच वर्षांनी कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला... आणि पोरं वेडी झाली. राक्षसाच्या मनगटावर घड्याळ दिसतं. पाऊस फक्त हिरॉईनच्या डोक्यावर पडतो, मागे लख्ख ऊन असतं. आणि शेवटाकडे खवल्या पाठमोरा होतो, तेव्हा पाठीवरची पितळी चेन झगझगीत चमकते. त्या चेनीचे टीशर्ट निघाले.

किशोरी घरात पर्यटकांना खोल्या देते. उरणच्या बंदरात नोकरी करणारा निकेश नावाचा एक पोरगा दर डिसेंबरात आठ-दहा मित्रमैत्रिणींना घेऊन तिच्याकडे उतरतो. वाडीत दोन पोफळींना चादर बांधायची, प्रोजेक्टर लावायचा आणि जिथे शूटिंग झालं तिथेच बसून 'खवल्या' बघायचा. डायलॉग सगळ्यांना तोंडपाठ. चेन दिसली की शिट्ट्या आणि करवंट्यांचा कडकडाट.

"काकी, ह्याची भीती वाटत नाही, म्हणून तर परत परत बघतो," निकेश एकदा तिला म्हणाला होता. "बाकीच्या पिक्चरनी झोप उडते. ह्यात आत माणूस आहे हे दिसतं ना. बरं वाटतं."

सुरुवातीला धनेशही त्यांच्यात बसायचा. पोरं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. चक्रीवादळाने वाडी आडवी केली, तेव्हा हीच पोरं टेम्पोतून छपराचे पत्रे घेऊन आली होती.

पुढच्या साली साथीत धनेश गेला.

इस्पितळात कुणालाच आत सोडत नव्हते. किशोरी फाटकाबाहेर बसून होती. शेवटी तिला लांबून एक काळी पिशवी दाखवली. पिशवीची चेन उघडता येणार नाही, असं सांगितलं.

तिने हट्ट केला नाही. मान हलवली आणि मागे सरकली.

तेव्हापासून किशोरी रडलेली नाही.

दिवसकार्यातही नाही, वर्षश्राद्धालाही नाही. धनेशची थोरली बहीण केसर शेजारीच राहते. ती किशोरीला गदागदा हलवायची. "रड गो बाये, मोकळी हो!"

"येत न्हाय हो, वन्सं," किशोरी म्हणायची. "आत काय न्हायच."

घर चालत होतं. पाहुणे येत होते, जेवत होते, जात होते. कालवण खारट झालेलं तिला कळायचं नाही. तव्यावर हात भाजला तर फोड आल्यावरच कळायचं.

धनेशचा मोबाईल इस्पितळातच गहाळ झाला. त्यातले व्हिडिओ गेले. चालता-फिरता धनेश आता एकाच ठिकाणी उरला होता, त्या पिक्चरमध्ये. तरी पोरं चादर बांधू लागली की किशोरी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

त्या शनिवारी केसरने तिचा हात धरला.

"आज बस गो. भाकऱ्या झाल्यात, कालवण झालंय. माझ्या भावाला बघू जरा दोघी."

किशोरी बसली. सगळ्यांच्या मागे. डावीकडे केसर. उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

पिक्चर सुरू झाला. पोरं ओरडत होती, हसत होती. हिरॉईन किंचाळायच्या आधीच सगळे मिळून किंचाळत होते.

मग खवल्या पाण्यातून बाहेर आला.

डावा पाय टेकला. उजवा मागून ओढत आला.

धप्... सर्र... धप्... सर्र...

किशोरीने खुर्चीचा हात घट्ट धरला. सगळ्या काथ्याखाली, खवल्यांखाली तीच चाल होती. बाजारातून येताना दिसायची, विहिरीवर जाताना दिसायची. छातीत काहीतरी किंचित हललं. इतक्या वर्षांनी.

शेजारी केसर पदराने डोळे पुसत होती.

किशोरीला वाटलं, आपल्यालाही आता येईल.

तेवढ्यात पोरं सावरून बसली. चेनीचा शॉट जवळ आला होता. निकेशने दोन्ही हातांत करवंट्या घेतल्या. "आता... आता..." कुणीतरी म्हणालं.

पडद्यावर खवल्या वळला. पाठ समोर आली.

आणि...

चेन नव्हती.

कुणीच शिट्टी मारली नाही.

पाठ सलग होती. खवल्यावर खवला, ओलसर, काळपट. कुठे शिवण नाही, काथ्या नाही. आणि ती पाठ हलत होती. हळू वर... हळू खाली...

श्वास घेतल्यासारखी.

"ही दुसरी प्रिंट आहे का रे?" पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं.

"दर वर्षीचीच आहे," निकेश म्हणाला. करवंट्या त्याच्या हातात तशाच होत्या.

तेव्हा किशोरीच्या लक्षात आलं...

समुद्राची गाज थांबली होती.

गाज कधी थांबत नाही. दिवेआगरात राहणाऱ्याला ती ऐकूही येत नाही, इतकी ती कायमची असते. त्या संध्याकाळी मात्र ती नसल्याचं ऐकू येत होतं. रातकिडा नाही. झावळीची सळसळ नाही. पिक्चरचं भेसूर संगीतही नाही.

पडद्यावर खवल्या चालू लागला.

डावा पाय. उजवा पाय. डावा. उजवा.

दोन्ही सारखे पडत होते.

'हे ते न्हायत,' किशोरीच्या मनात आलं. एवढंच. भीती नाही, काही नाही. छातीत जे हललं होतं, ते पुन्हा गार पडलं.

आणि मग पाठीमागून, विहिरीच्या बाजूने आवाज आला.

धप्... सर्र...

पोरांपैकी कुणी वळलं नाही. केसरची नजर पडद्यावर खिळलेली.

धप्... सर्र... धप्... सर्र...

कुजलेल्या काथ्याचा वास आला. त्यात घामाचा वास होता. ओळखीचा.

उजवीकडची प्लॅस्टिकची खुर्ची करकरली. तिचे पाय वाळूत रुतले.

किशोरीला मान वळवता येईना. ती म्हणते, कुणी धरून ठेवली नव्हती. नुसती वळत नव्हती.

अगदी कानाशी, जाड कापडाच्या आतून यावा तसा आवाज आला...

"किशोरी... चेन काढ गो..."

तिचा हात आपसूक गेला. सवयीने. मानेपासून खाली बोटं फिरवत गेली, पूर्वी जायची तशी. हाताला खवले लागले. ओले आणि गार. खाली, कमरेपर्यंत. पुन्हा वर.

काहीच सापडेना.

"जीव गुदमरतोय..."

"कुठाय हो?" किशोरी म्हणाली. "गावत न्हाय मला."

तिच्या तळव्याखाली ती पाठ भराभर वरखाली होत होती. तिने दुसरा हातही नेला. दोन खवल्यांमध्ये नखं घालून ओढून पाहिलं. नख उपटलं. तिला कळलं नाही.

"थांबा हो. बघते. थांबा जरा."

वरखाली होणं हळू झालं.

आणखी हळू.

मग...

थांबलं.

त्या क्षणी गाज पुन्हा सुरू झाली. इतकी मोठ्याने की दोन-तीन पोरं दचकून उभी राहिली. चादर पांढरीफटक पडली होती. पिक्चर संपला होता की बंद पडला होता, कुणी सांगू शकलं नाही.

"किशोरी! कोनाशी बोलतेस गो?" केसरने तिला हलवलं. मग तिच्या हातांकडे बघितलं आणि किंचाळली.

दोन्ही तळवे बारीक चिरांनी भरले होते. मासा खवल्यांच्या उलट दिशेने चोळल्यावर होतात, तसे.

उजवीकडच्या खुर्चीत पाणी साचलं होतं. निकेशने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. भाकऱ्या टोपलीत राहिल्या. झुंजुमुंजू होताच पोरांच्या गाड्या बोर्लीच्या रस्त्याला लागल्या.

पुढे निकेशचा तिला फोन आला. त्याने घरी जाऊन पिक्चर परत लावून बघितला होता. त्याच्या कॉपीत चेन आहे, इंटरनेटवरही आहे. पहिल्यासारखी, झगझगीत.

"पण काकी, आता ती दिसली तरी हसू येत नाही," तो म्हणाला. "नजर आपोआप खाली पायांकडे जाते. आत कोण आहे तेच बघत राहतो."

ह्या वर्षी तो येणार नाही. मात्र गोष्ट कुठून तरी पसरली आणि दुसरेच लोक येतो म्हणताहेत. कधी नव्हे एवढे. पुण्याचे, नाशिकचे, मुंबईचे. सगळ्यांना तिथेच, त्याच वाडीत 'खवल्या' बघायचाय.

किशोरीने सगळ्यांना हो सांगितलंय.

हे ऐकून मी तिच्याकडे गेलो. ती ओटीवर सूप घेऊन बसली होती. तळहातांवर पांढरे वण दिसत होते. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "घाबरली नाहीस तू?"

"न्हाय."

"रडलीस तरी?"

"न्हाय रे." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "कायच वाटलं न्हाय. फक्त इतकं कळलं, की अजून आतच हायत ते."

सुपातले तांदूळ निवडून संपले होते. तरी तिची बोटं त्यातून फिरतच होती.

मग तिने मान वर करून माझ्या हातांकडे बघितलं. बराच वेळ.

"औंदा तू ये," ती म्हणाली. "त्या खुर्चीच्या पलीकडं बस. तुझ्या बोटांत जोर हाय. मला न्हाय गावली... तुला गावेल."

मी तिला अजून काही कळवलेलं नाही.

काल तिचा पुन्हा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.