अलीकडची बाभूळ

"ओ बाई, सरका की! ब्रेक न्हाईत सायकलला!"

मागनं आवाज आला आन् मी सरकायच्या आत सायकल कॅनॉलच्या कडेच्या गवतात. वर सायकल, खाली सत्यजीत... निमोण्याच्या मारुतरावांचं धाकटं पोरगं. मी हसायला नको होतं. पण हसले.

"हसा, हसा," तो पँट झटकत म्हणाला. "एवढ्या सकाळी कुणाच्या मागं लागलाय?"

"नोकरीच्या."

मी मोनिका. आज्यानं जन्मभर मेंढरांमागं चालून मुलूख पालथा घातला, आन् नातीचं नाव हे! २००३ साली मला वनरक्षकाच्या भरतीचं खूळ लागलं होतं. बायांना सोळा किलोमीटर चालायचं, चार तासांत. परीक्षेला तीन महिने होते आन् वडलांनी, आप्पांनी, एकच संधी दिली होती. "झालं तर झालं. न्हाईतर दौंडचं स्थळ पक्कं. मग कुरकुर ऐकायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सत्यजीत सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून हजर! चिंधी वर आली की एक फेरी, असं मोजत त्यानं कॅनॉलच्या पुलापासून आठ किलोमीटर काढले आन् तिथल्या बाभळीला खूण केली. तिथवर जायचं आन् परत यायचं. मग तो रोजच यायला लागला. मी चालायची, तो सायकल हातात धरून शेजारनं.

"शेतात कामं न्हाईत व्हय तुम्हाला?"

"हायत की. पण तिथला ऊस असा रागानं बघत न्हाई माझ्याकडं."

"मी कवा रागानं बघितलं?"

"मग बघा की जरा... बिनरागाचं."

मी मान फिरवली. कान तापले, त्याला काय इलाज!

परतीला माझ्या डाव्या पोटरीत गोळा यायचा. मी बसले की तो गुळाचा खडा तळहातावर ठेवायचा... बोटं उगीच जरा रेंगाळायची.

पण वेळ काही हटेना. चार तास पंचवीस मिनिटं. महिना झाला तरी पंचवीसच. एक दिवस पुलावर बसून मी ढसाढसा रडले. "आग लागो ह्या पायांना! उद्यापासनं न्हाई यायची मी."

दोन दिवस गेलेच न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यानं मला शेताच्या बांधावर गाठलं. धापा टाकत म्हणाला, "मोनिका, माझंच मोजायला चुकलं गं! आठ किलोमीटर अलीकडच्या बाभळीपाशीच भरतात. परत दोनदा मोजलं."

त्या दिवशी तीन तास एक्कावन्न मिनिटं. बाई गं, मी पुलावर नाचले! त्याच दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले, लपवायचं कशाला? पुढचे दोन महिने मी वाऱ्यावर होते.

"भरती झाली की आप्पांना एक विचारायचं हाय," तो एकदा म्हणाला.

"काय?"

"ते... तवाच."

परीक्षेला मी हसत चालायला लागले. चार तासांची शिट्टी वाजली तवा दीड किलोमीटर बाकी होतं. मी साहेबांशी भांडले. तुमचं माप चुकलंय म्हणाले, सगळ्यांसमोर! त्यांनी नुसतं रस्त्याकडच्या मैलाच्या दगडाकडं बोट केलं.

संध्याकाळी पुलावर सत्यजीतला विचारलं, "पहिल्यांदा मोजलेलं बरोबर होतं ना?"

तो म्हणाला, "तू रडलीस... बघवलं न्हाई. म्हटलं, हुरूप येऊ दे, मग दर आठवड्याला खूण थोडी पुढं न्यायची. पण तू एवढी खूश व्हायचीस... धीरच झाला न्हाई." मग एकदम म्हणाला, "मी उद्याच मागणी घालतो. दौंडला जायचं न्हाई. माझं लई प्रेम हाय तुझ्यावर, मोनिका."

ज्या शब्दांसाठी जीव टांगणीला लागला होता, ते असे आले.

"सत्यजीत," मी पहिल्यांदाच अरे-तुरेवर आले, "दोन महिने होते माझ्याकडं. खरं सांगितलं असतंस तर चार दिवस रडले असते, आन् पंचवीस मिनिटं तोडली असती. तुला वाटलं, हिला जमायचं न्हाई. सांग, व्हय का न्हाई?"

तो चाकाची लाल चिंधी सोडायला लागला. मी घरी जाऊन आप्पांना म्हणाले, "दौंडला कळवा."

नवरा रेल्वेत, माणूस बरा. रुळाच्या कडंला किलोमीटरचे खांब हायत. त्यांच्या हिशोबानं रोज सकाळी चालायला लागले. शेजारणी फिदीफिदी हसायच्या. "आता कुठली भरती गं?" मी चालायची. कवा पाऊण तास, कवा तीन तास. पोटरी धरली की तिथंच चोळायची आन् उठायची. दीड वर्ष गेलं.

आन् एका सकाळी सोळा किलोमीटर झाले. तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. नवऱ्याच्या घड्याळात तीनदा बघितलं. पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? सत्यजीतला पळत जाऊन सांगावं. मेल्याचा इतका राग आला, इतकी आठवण आली, का मी तिथंच खडीवर बसून हमसून हमसून रडले.

मग उठले. नवऱ्याचा डबा व्हायचा होता.