मुखवट्यामागचा घोट

मुखवट्याची नाडी मानेमागे. स्वतःची स्वतःला बांधता येत नाही.

अवघड टेकआधी दिग्दर्शक ओक मल्लाला सोजू दारूचा पेला देतो. ओक, वय एकोणचाळीस.

बांग दोकसू, वय त्रेसष्ट. मुखवटेवाला मल्ल.

शॉट ८७, टेक ३. क्लॅपची पाटी कॅमेऱ्यावरच्या चोननं धरली.

कडाक.

पहिल्या चार नोंदी प्यो म्योंगसुकच्या वहीतल्या. कोणत्या शॉटला कोणाची बाही किती दुमडलेली होती, हे टिपणं तिचं काम. शेवटचा आवाज नायकाच्या खांद्याच्या हाडाचा.

कोरियातल्या इंचन शहरातल्या बांगच्या तालमीत विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. साहेबाच्या जाचाला कंटाळलेला बँकेतला कारकून कुस्तीत उतरतो, अशी गोष्ट. आज मुखवटेवाल्यानं नायकाला खरोखरच आपटलं आणि गोंधळात स्वतः मागच्या दारानं सटकला. मुखवटा सापडला बांगच्या पिशवीत.

"पाचला पोलीस येतायत," निर्माता म्हणाला. "म्हातारा आत जाणार. तालमीलाही टाळं."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काका, तुम्हीच आपटलंत?" म्योंगसुकनं विचारलं.

"नाहीतर कोण?"

"कसं?"

"हात घसरला. वय झालं, पोरी."

"तिसऱ्या टेकआधी पेला कोणत्या हातानं घेतलात?"

"प्यायलो ना? हात कोण लक्षात ठेवतं!"

प्रत्येक टेकआधी ती लगेच छापील फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढायची. त्यातले दोन तिनं उचलले, बराच वेळ पाहिले. मग सगळ्यांना रिंगणाशी बोलावलं.

"मो, पुढे ये."

मो योंगगिल, सहायक दिग्दर्शक, वय एकोणतीस. बांगइतकाच उंच, तसाच रुंद.

"पाटी तुझी. तिसऱ्या टेकला कुठे होतास?"

"मुतायला, ताई."

"चाळीस दिवसांत एकदाही पाटी सोडली नाहीस. आजच?"

"कळ काय कॅलेंडर बघून येते?"

हशा पिकला. म्योंगसुक हसली नाही. तिनं फोटो रिंगणावर ठेवले.

"हा पहिला टेक. बांगकाका पेला एका हातानं घेतात, ओककडे बघत पितात. आणि हा तिसरा. तोच मुखवटा, पण पेला दोन्ही हातांत, मान पार वळवलेली, तोंडावर आडवा हात. धाकट्यानं वडीलधाऱ्यासमोर प्यावं तसा. ओक, काका तुमच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठे. ते कशाला मान वळवतील?"

ओकनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"सेटवर तुमच्याहून धाकटे नऊ जण. टेकच्या वेळी आठ जण आपापल्या जागेवर होते, माझ्या वहीत आहे. नववा पाटीवाला. मो, मुखवट्यानं चेहरा झाकलास. आईनं लावलेली सवय कशी झाकणार?"

मो रिंगणाच्या कडेवर बसला.

"तो कारकून मी होतो, ताई. तीन वर्षं बँकेत. संध्याकाळी इथे, काकांच्या हाताखाली. गोष्ट माझी, नाव ओकसाहेबांचं. वाटलं, एका शॉटात तरी आपण असावं. नायकानं अंग चुकीचं टाकलं. मुद्दाम नाही हो केलं मी!"

"आणि मुखवटा काकांच्या पिशवीत टाकलास?"

"नाही! मी तो मागच्या दाराशी फेकला."

"गप बस रे, गाढवा," बांग ओरडला. "मुखवटा मीच उचलून पिशवीत टाकला. सगळं जुळलं होतं."

मो उठला. दोन्ही हात जुळवून बांगसमोर कमरेत वाकला, बराच वेळ तसाच राहिला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, तेव्हा तो एकटाच दाराकडे चालू लागला.

तिसऱ्या टेकच्या पाच मिनिटं आधी मोच्या मुखवट्याची नाडी बांगनंच बांधली होती.