अक्तोशची बैठक

मेंढा कापायचा माम्बेतने, सोलायचाही त्यानेच. पण पोट फाडलं की सुरी आईच्या, उरुमकानच्या हाती. आलायच्या डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर तिने हा रिवाज चाळीस उन्हाळे चालवला. कलेजीत पाण्याचे फुगे निघाले, की तेवढा भाग कापून ती न बघता मागे भिरकावायची. मागे, गेली दहा वर्षं, अक्तोश असायचाच. पांढऱ्या छातीचा, कान कापलेला, वासराएवढा कुत्रा. तुकडा जमिनीवर पडायच्या आत त्याच्या जबड्यात.

पण तो प्रत्येक मेंढ्याला यायचा नाही. कळपातल्या एखाद्याच मेंढ्यासमोर आदल्या दिवसापासून जाऊन बसायचा, मान तिरकी करून, उजव्या बरगडीखाली टक लावून. फुगे नेमके त्याच मेंढ्यात निघत.

"कुत्रं नाही, डॉक्टर आहे आमचा," उरुमकान म्हणायची.

जनावरांची डॉक्टरीण आली तेव्हा तिलाही तिने हेच ऐकवलं. ती हसली नाही. "अपा," थोरल्या बाईला मारतात तशी हाक मारून ती म्हणाली, "त्या फुग्यांत किड्यांची पिल्लं असतात. कुत्र्याच्या पोटात त्यांचे किडे होतात. त्यांची अंडी विष्ठेतून त्याच्या केसांना लागतात, केसांवरून तुमच्या हाताला, हातावरून भाकरीला. कलेजी जाळा, नाहीतर खोल पुरा. आणि कुत्र्याला दर महिन्याला ही गोळी द्या."

"माझ्या सासूने टाकली, तिच्या सासूने टाकली. तू काल जन्मलीस, अन् मला हात धुवायला शिकवतेस?"

गोळ्या चहाच्या डब्यामागे गेल्या.

त्याच वर्षी, कुरणावरून उतरायच्या दिवसांत, अक्तोश उरुमकानसमोर येऊन बसला. ती चहा ओतत होती. तिने बूट फेकून मारला. तो हलला नाही. मान तिरकी, नजर तिच्या उजव्या बरगडीखाली.

तिसऱ्या दिवशीही तो उठेना, तेव्हा तिने घोडा मागवला. ओश शहरातल्या इस्पितळात तिच्या पोटातून निघालेला फुगा तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा होता. शुद्धीवर येताच तिने तो मागून घेतला आणि बरणी उजेडात धरली.

"निम्मं कुत्र्याला चारलं, निम्मं मी पोसलं," ती म्हणाली. "बास झालं."

हिवाळ्यात अक्तोश म्हातारपणाने गेला. माम्बेतने त्याला नदीकाठी पुरलं.

पुढच्या उन्हाळ्यात उरुमकान कुरणावर चढली ती कमरेला ऑपरेशनचा पट्टा बांधून आणि गोळ्यांची पिशवी घेऊन. कलेज्या पुरायला कंबरभर खोल खड्डा खणवला. शेजाऱ्यांच्या कुत्र्यांचे जबडे स्वतः उघडून गोळ्या कोंबल्या.

"आता काय माझ्या नवऱ्यालाही गोळी देतेस का गं?" शेजारची झुरा म्हणाली.

"त्याची लाळ बघता दोन लागतील."

झुरा हसली, आणि हातातला कलेजीचा तुकडा तिने मुद्दाम आपल्या कुत्र्यापुढे टाकला.

दुसऱ्या सकाळी उरुमकानच्या तंबूबाहेर गवत दबलेलं दिसलं. मोठा गोल, पुढे दोन पंजांचे खळगे. भोवतीच्या गवतावर दहिवर गोठलं होतं. तिने गोलात तळहात ठेवला. कोमट होतं.

पंजे तंबूच्या नमद्याच्या भिंतीकडे वळलेले होते. आत, त्याच बाजूला, सहा वर्षांची नात बेगायिम झोपायची. गेल्या वर्षापर्यंत ती अक्तोशच्या गळ्यात हात टाकून झोपत असे.

दुपारी पोरगी उन्हात दगड मांडून खेळत होती. वारा नव्हता. तिच्यासमोरचं गवत हळूहळू वाकलं, आधी मागचं, मग पुढचं.

बेगायिमने मान वर केली. "अपा, अक्तोश असा काय बघतो गं माझ्याकडे?"

उरुमकानने घोड्यावर खोगीर चढवलं.

"आई, पोरीला काही होत नाहीये," माम्बेत म्हणाला. "तीन दिवसांची वाट आहे!"

"मलाही काही होत नव्हतं. बाजूला हो."

ओशच्या डॉक्टरांना यंत्रात द्राक्षाएवढा फुगा दिसला. कापायची गरज नाही, औषधाने जिरेल, म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "त्रास नाही, दुखणं नाही. मग इतक्या लवकर तुम्हाला कळलं कसं?"

"घरी जुना डॉक्टर आहे."

औषधं घेऊन दोघी परतल्या तेव्हा तंबूबाहेरचं गवत उभं राहिलं होतं. उरुमकान त्या जागेवर पाय रोवून उभी राहिली.

"ऐक रे," ती मोकळ्या कुरणाला म्हणाली. "तुला मीच चारलं. माझी चूक मी निस्तरीन. पण तू समोर बसावंस असं एकही माणूस माझ्या घरात तुला मिळायचं नाही."

कुठे काही हललं नाही.

मग तिची नजर शेजारी गेली. झुरा दारात बसून घोडीचं दूध घुसळत होती. तिच्यासमोर गवतात गोल होता. पुढे दोन खळगे.

उरुमकानने घोडा सोडला नव्हताच. लगाम धरून ती तशीच तिकडे निघाली.

"झुरा, ऊठ. चढ घोड्यावर."

"वेड लागलं का तुला? अन् त्या गवतात काय बघतेस एवढं?"

उरुमकान आता तिथे बघत नव्हती. पलीकडच्या तंबूसमोरचं गवत वाकू लागलं होतं.