राखेतून निघालेला रस

इंदूरजवळच्या राऊ गावच्या वळणावर क्षितिजाच्या स्कूटरवरचं पोतं घसरून फाटलं आणि करडे खडे रस्ताभर पसरले. ती वाकून ते गोळा करत होती, तोच एक मोटरसायकल थांबली.

“मॅडम, एवढी गिट्टी घेऊन कुठे चालल्या?”

“गिट्टी नाही, ॲल्युमिनियम आहे. घरोघरचा कचरा जाळल्यावर राख उरते ना, त्यातून काढलेलं.”

मोटरसायकलवाल्याने एक खडा नखाने खरवडला. आत चमक दिसली, तसा तो हसला... क्षितिजाने घाईने नजर वळवली.

“मग हे सामान माझ्याकडेच येतंय. मी अभिराम. पुढच्या फाउंड्रीत भट्टी बघतो.”

नाशिकहून आलेल्या क्षितिजाचा माल दोन फाउंड्र्यांनी आधीच परत पाठवला होता. इथेही नकार मिळाला, तर तिची कंपनी इंदूरचं काम गुंडाळून तिला परत बोलावणार होती.

फाउंड्रीत अभिरामने माल नीट पाहिला. “असा नाही टाकता येणार. राख धुऊन काढावी लागेल, मग माल पूरा सुकवावा लागेल. ओल राहिली तर वितळलेला रस उसळतो.”

“म्हणजे पुन्हा सगळं...”

“मी आहे ना. चला.”

दोघांनी माल चाळला, धुतला, पत्र्यावर वाळत घातला.

“तुमच्या गालाला राख लागलीये.”

“कुठे?”

“राहू द्या... छान दिसते.”

“माल आणणाऱ्या सगळ्यांना असंच सांगता?”

“बाकीचे सगळे मिशीवाले आहेत, मॅडम.”

माल कडकडीत वाळला, तेव्हा भट्टी पेटली. अभिरामने वर तरंगणारी मळी बाजूला सारली आणि खाली लखलखीत रस दिसला. तो रस साच्यात ओतून थंड झालेली वीट त्याने कापली, तपासली, पुन्हा तपासली.

“पास आहे,” तो म्हणाला. “पुढचा माल पाठवा.”

ती मटकन स्टुलावर बसली. “सुटले बाई.”

“मी पण.”

“तुम्ही कशातून?”

तो हातमोजे काढत राहिला. “फेल झालं असतं तर तुम्ही गेल्या असत्या. मग मी कोणत्या बहाण्याने... म्हणजे — तुम्ही मला आवडता, क्षितिजाजी. बस, इतकंच.”

भट्टीचा पंखा थांबला होता. क्षितिजाला एकदम फार हलकं वाटलं.

“बहाणा कशाला? रविवारी मला इंदूर दाखवा. आणि ते ‘जी’ तेवढं काढून टाका.”

“ठीक आहे... क्षितिजा.” त्याचे कान लाल झाले.

कंपनीला फोन करायचा होता. तो तिने थोड्या वेळाने केला.