भरल्या पोटाची गाडी

करंजखिंडीच्या घाटमाथ्यावर अनसूयाकाकूंची खानावळ होती आणि तिच्या अंगणात गाड्या चार्ज करायचे दोन खांब. त्यातल्या एका खांबाला आज एक लाल, बुटकी, रुंद चाकांची शर्यतीची गाडी जोडलेली होती. काकू बाहेर डोकावल्या तेव्हा डॉ. उल्का पेंढारकर गाडीच्या आत गुडघ्यावर बसून वेग आणि बॅटरी दाखवणाऱ्या काचेवर खाकी कागद चिकटवत होत्या.

"बॅटरी ऐंशीवर आली की वायर काढा हं काकू, आम्ही जेवून घेतो," उल्काबाई म्हणाल्या.

"तुम्ही निवांत जेवा. गाडीचं मी बघते."

गाडी चालवणारे दौलतराव इंगवले पानावर बसलेच होते. कोल्हापूरच्या शर्यतींत त्यांनी चाळीस वर्षं काढली होती.

"कागद कशाला लावला, मॅडम?" उल्काबाई शेजारी येऊन बसताच त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही आकडे बघणार नाही, फक्त थांबझोत बघाल. आजची चाचणी त्याचीच आहे."

"आमी डोळ्यांनी गाडी चालवली आजवर. आता म्हातारपणी हातात बॅटरी घेऊन वाट शोधायची म्हणा की."

उल्काबाई हसल्या. "झोत वाट दाखवत नाही, दौलतराव. या क्षणी ब्रेक मारला तर गाडी कुठे उभी राहील, ती जागा दाखवतो. बंपरपासून त्या जागेपर्यंत रस्त्यावर लाल पट्टा पडतो, भर उन्हातही दिसेल असा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं, हे शाळेत सगळे शिकतात आणि गाडीत बसलं की विसरतात. पट्टा विसरू देत नाही."

"आणि रस्ता ओला असला तर?"

"तर तो लांबतो. टायर झिजले, उतार आला, तरी लांबतो. मोजता येईल ते सगळं तो मोजतो."

"आणि या गाडीचं ब्रेक म्हणजे ते तुमचं…"

"वेगपरतावा. पाय उचलला की मोटर उलटं काम करते. गाडीचा वेग तिच्यात वीज होऊन बॅटरीत परत जातो. तोच मुख्य ब्रेक. चाकांवरच्या ब्रेकच्या थाळ्या मी बारीक ठेवल्या आहेत, वजन वाचवायला."

त्यांनी हे सहज सांगितलं, पण भाकरी मोडताना हात थांबला होता. घाटाच्या पायथ्याशी सुरक्षा मंडळाचे तीन लोक बसले होते. पंधरा उतरणी झाल्या होत्या आणि ही सोळावी शेवटची. एकदा जरी पट्टा दोन मीटरपेक्षा जास्त चुकला, तरी सहा वर्षांचं काम कपाटात जाणार होतं.

काकूंनी तिसरी भाकरी वाढली. नको म्हणून उपयोग नव्हता.

जेवण उरकून गाडी निघाली. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणानंतर सरळ उतार लागला, दौलतरावांनी अंदाजाने वेग चाळीसपर्यंत जाऊ दिला आणि उल्काबाई पट्ट्याकडे बघत पुढे झुकल्या. ताशी चाळीसला पट्टा वीस मीटर असायचा, हे त्यांना पाठ होतं. आज तो पंचेचाळीसच्या आसपास पसरला होता.

"बिघडला," त्या पुटपुटल्या. "आजच बिघडायचा होता." त्यांनी झोताच्या कळीकडे हात नेला. "मी बंद करून पुन्हा सुरू करते."

"राहू द्या."

"दौलतराव, आकडा साफ चुकतोय."

"तुमीच म्हणालात न्हवं, मोजता येईल ते सगळं मोजतो म्हणून? मग त्यानं कायतरी मोजलंय." त्यांचा आवाज एकदम शांत झाला होता. "मी आत्ता पाय उचलला. रोज गाडी मागनं कुणीतरी धरल्यागत ओढती. आज धरली न्हाई. पुढचा रस्ता दिसतोय तेवढ्याच्या आत या पट्ट्याचं टोक ठेवतो मी. तुमी हात आवरा."

त्यांनी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. पट्टा सावकाश आखडला. गाडी वीसच्या वेगाने पुढच्या वळणाला लागली. वळणापलीकडे एक विजेवरचा टेंपो रस्त्यात आडवा उभा होता आणि त्याच्या मागच्या फळीवर चालक बिडी पेटवत बसला होता.

दौलतरावांनी ब्रेक दाबला. लाल टोक त्या माणसाच्या चपलांपासून हातभर अलीकडे होतं. गाडी घसरत, कुरकुरत पुढे गेली आणि टोक होतं जवळजवळ त्याच जागी उभी राहिली. जळक्या थाळ्यांचा वास आला. चाळीसच्या वेगाने आले असते तर काय झालं असतं, हा हिशेब उल्काबाईंनी मनात केला आणि लगेच सोडून दिला.

चालकाने बिडी खाली ठेवली. "आवाज न करता येता राव तुम्ही. मी हुसेन मुजावर. काकूंचा किराणा घेऊन निघालो होतो, चढावर बॅटरी बसली."

उल्काबाईंनी काचेवरचा कागद ओढून काढला. आत बॅटरीपुढे शंभरचा आकडा झळकत होता. त्यांनी खानावळीत फोन लावला.

"काकू, ऐंशीवर काढा म्हटलं होतं ना?"

"अगं, घाट उतरायचाय एवढा. पाहुण्याची गाडी अर्धपोटी कशी पाठवू? पोटभर दिलंय."

उल्काबाई कठड्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दौलतराव काळजीने बघत राहिले.

"झोत बरोबर होता," त्या शेवटी म्हणाल्या. "बॅटरी तुडुंब भरलेली. वेगाची वीज परत घ्यायला आत जागाच नाही, मग मोटर ओढणार कशी? उरल्या फक्त माझ्या बारीक थाळ्या. त्याने तेवढंच मोजलं. मीच त्याला खोटं ठरवत होते. काकूंना काय बोलू? निघताना आकडा मी बघायला हवा होता, आणि कागद मीच लावला होता."

"मग आता खाली कसं जायचं? थाळ्या तर तापल्यात."

उल्काबाईंनी टेंपोकडे पाहिलं. मग उठून डिकीतून एका गाडीची वीज दुसरीला देणारी वायर काढली.

"मुजावर, तुमच्या टेंपोला भूक लागली आहे ना?"

तासाभरात गाडीची बारा टक्के वीज टेंपोत गेली. तेवढ्या वेळात थाळ्या निवल्या, हुसेनने किराण्यातले शेंगदाणे खाऊ घातले आणि उल्काबाईंनी फीत धरून मोजणी केली. ब्रेक दाबताना झोताने दाखवलेली जागा आणि गाडी थांबली ती जागा, यांत चाळीस सेंटिमीटरचा फरक होता. सोळा उतरणींतला सर्वांत कमी.

टेंपो वर गेला, गाडी खाली निघाली. पहिल्याच उतारावर दौलतरावांनी पाय उचलला आणि त्यांचे खांदे सैल पडले.

"धरली बगा मागनं."

समोर पट्टा वीस मीटरवर शहाण्यासारखा पडला होता.

मंडळाच्या लोकांनी उशिराचं कारण विचारलं. उल्काबाईंनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. अध्यक्षांनी दौलतरावांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं या झोताबद्दल?"

"चाळीस वर्षांत पैल्यांदा वेगाआधी थांबणं दिसलं," ते म्हणाले. "माझ्या नातवाच्या गाडीला कधी बसवताय तेवढं सांगा."

मंजुरीचं पत्र पावसाळ्याआधी आलं. पेढे घेऊन उल्काबाई खिंडीत गेल्या, तेव्हा चार्जिंगच्या खांबांवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी लटकत होती:

'चढून पुढे जाणाऱ्यास पोटभर. उतरणाऱ्यास चार घास कमी. आग्रह करू नये. – अनसूया शेडगे'

पाटी वाचून त्या आत गेल्या. पान वाढलेलंच होतं, आणि त्यावर तीन भाकऱ्या होत्या.