भरदुपारची रात्र

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही तर वाचून सोडून द्या. मी कुणाच्या गळ्यात मारायला आलेलो नाही.

आमच्या घरात भुताचं नाव काढायची चोरी. छप्पन साली घरची मंडळी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि देव्हाऱ्याबरोबर मुंज्या, हडळ, खवीस सगळे घराबाहेर गेले. आजोबा कडक होते. आज असते तर हे लिहिल्याबद्दल त्यांनी माझी पाठ सोलली असती.

पण घडलं ते घडलं.

साल १९६२. मे महिना. मूर्तिजापूरच्या पुढे, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेच्या रुळांजवळचं उघडं रान.

वेळ रात्रीची...

पण ती रात्र खरी नव्हती.

माझा देवमनकाका सिनेमाचा दिग्दर्शक होता. पुढे टेलिव्हिजनमध्येही गेला. अकोल्याचा हा पोरगा मुंबईला पळाला, स्टुडिओत आधी दिवे उचलले, मग क्लॅप मारली, मग याचा-त्याचा सहायक झाला. बरीच वर्षं अशी घासल्यावर त्याला पहिला सिनेमा मिळाला. निर्माते केशवराव अमरावतीचे, म्हणून शूटिंगही इकडेच ठरलं.

या काकाची एक गोष्ट सगळ्या लाइनीत माहीत होती. तो सेटवर कधीच ‘कट’ म्हणायचा नाही. शॉट संपला की खांद्यावरचा पंचा हवेत फिरवायचा. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या खिशात कायम एक कांदा असायचा. मुंबईच्या बंद स्टुडिओतसुद्धा. लोक हसायचे. वऱ्हाडी माणूस, चालायचंच, म्हणायचे.

तो कांदा कुठून आला, तेच सांगतोय.

सिनेमात एक प्रसंग होता. नायिका मध्यरात्री कंदील घेऊन नवऱ्याच्या शोधात निघते आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं, लांब चालत अंधारात दिसेनाशी होते. आता रानात रात्र उजळायला दिवे कुठून आणायचे? त्यावर सिनेमावाल्यांची एक युक्ती होती. भरदुपारी शूटिंग करायचं आणि भिंगापुढे लाल काच लावायची. कृष्णधवल पडद्यावर आकाश काळंभोर येतं. लोकांना वाटतं रात्र आहे.

ऊन जितकं कडक, तितकी रात्र चांगली.

पण नायिका आदल्या दिवशीच उन्हानं आडवी झाली होती. डाकबंगल्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडली होती. केशवरावांनी निरोप धाडला, आज शूटिंग उरकलं नाही तर गाशा गुंडाळा.

काका रडकुंडीला आला. पहिला सिनेमा. हातातोंडाशी आलेला घास.

तेव्हा भागीरथा आत्या पुढं झाली.

ती काकाची मोठी बहीण. आई लवकर गेली, म्हणून हिनंच त्याला वाढवलं. नवरा वारल्यावर माहेरी आली ती याच्यासाठीच राहिली. सगळ्यांचा स्वयंपाक करायला शूटिंगवर आली होती. अंगलट नायिकेसारखीच. आणि शॉट तर पाठमोरा होता.

“दे ते लुगडं इकडे,” ती म्हणाली. “चालाचंच हाय ना? जलमभर तेच केलं.”

नायिकेचं पातळ नेसून ती आली तेव्हा सगळे हसले. तीही हसली.

“भरदिवसा कंदील! लोक म्हणतीन, देवमनच्या बहिणीले येड लागलं.”

काकानं कॅमेऱ्यातून पाहिलं. काहीतरी खुपत होतं. आत्याच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. गाठीत कांदा. आमच्याकडे उन्हात निघताना बायामाणसं कांदा जवळ ठेवतातच. ऊन बाधत नाही म्हणतात.

“बाई, हे फुगलेलं दिसते,” काका म्हणाला. त्यानं स्वतः गाठ सोडली. कांदा काढून आपल्या खिशात टाकला. डोक्यावरचा पदरही खाली घ्यायला लावला. नायिका काही पदर घेऊन फिरत नव्हती.

मग त्यानं तिला समजावलं.

“सरळ चालत जायाचं. मागं पाहाचं नाई. मी ‘कट’ म्हणतपर्यंत थांबाचं नाई. मागं पाहिलं, नाईतर थांबली, तर सारं वाया.”

“बरं. झालं का सांगजो मंग.”

“सांगतो.”

एवढंच बोलणं. शेवटचं.

आत्या निघाली. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या. झळा अशा उठत होत्या की झाडं हलल्यासारखी दिसत होती. तिच्या हातात कंदील. त्यात तेलसुद्धा नव्हतं. ज्योत त्या उन्हात दिसणारच नव्हती.

ती फार छान चालली. काका श्वास रोखून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण दिग्दर्शक झालो असं वाटलं.

ती धुऱ्याच्या चढावर पोचली. पलीकडे उतरू लागली. आणि कॅमेरामन रविकांत म्हणाला, “रोल संपला.”

इथे एक रिवाज सांगायला हवा. ‘कट’ म्हणायचा हक्क फक्त दिग्दर्शकाचा. बाकी कुणी तो शब्द काढायचा नाही. आग लागली तरी नाही. रविकांत अमरावतीचा, वकिलाचा मुलगा, नियमाचा पक्का. तो फक्त ‘रोल संपला’ म्हणाला.

काका खुशीत होता. त्यानं रविकांतच्या पाठीवर थाप मारली. सावल्या सरकत होत्या. पुढचा शॉट विहिरीपाशी होता. उचला, उचला, चला... कॅमेरा उचलला, सामान बैलगाडीत चढलं, सगळे विहिरीकडे धावले.

काका ‘कट’ म्हणालाच नाही.

विहिरीपाशी काम रंगलं. कुणीतरी पाणी मागितलं, तेव्हा काकानं हाक मारली. “बाई, पाणी दे वं.”

उत्तर आलं नाही.

भांडी होती. चूल होती. तिची चप्पल चुलीपाशी होती...

नायिका अनवाणी निघते, असा प्रसंग होता.

सगळे धावले. तिन्हीसांजेला ती गाडीवान नत्थुजीला दिसली. रुळांच्या पलीकडे, फार लांब. पालथी पडलेली. तोंड पुढच्याच दिशेला. एकदाही वळून पाहिल्याची खूण मातीत नव्हती. पावलं सरळ. शेवटीशेवटी आखूड होत गेलेली, पण सरळ.

कंदील हातातच होता. नत्थुजीनं तो सोडवला आणि चटका बसल्यासारखा खाली टाकला.

काच गरम होती.

आता वऱ्हाडात मे महिन्यात काय गरम नसतं? मीही स्वतःला तेच सांगतो.

काका रडला नाही. सरणाशी उभा राहिला, हात खिशात घालून. खिशात कांदा होता. आजोबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत, तेही त्याला जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी तो कामावर परत आला. लोकांनी नावं ठेवली. त्याला काही वाटत नव्हतं. दुःख नाही, लाज नाही, भूक नाही. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतात ना, तसा तो अख्खाच्या अख्खा बधिर झाला होता.

फक्त शॉट संपला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघेना. त्यानं पंचा फिरवला.

मुंबईत रोल धुऊन आले. पाहायला दोघंच बसले, काका आणि रविकांत. चित्र मुकं होतं. आवाज नंतर भरायचा होता.

पडद्यावर रात्र झाली. काळं आकाश. आत्या पाठमोरी चालत होती.

आणि कंदील...

कंदील पेटलेला होता.

मंद, पिवळसर वाटावा असा उजेड तिच्या पावलांपुढे पडत होता. रविकांत खुर्चीतून अर्धवट उठला. तिनं चढ ओलांडला. इथे रोल संपला होता. त्यानंच सांगितलं होतं. पडदा पांढरा व्हायला हवा होता.

ती उतरली. पलीकडच्या शेतात गेली. लहान होत होत एक ठिपका उरला. ठिपक्याचा उजेड हलत होता.

मग मुक्या चित्रातून आवाज आला. लांबून. दमलेला.

“झालं काय रे, देवमन?”

पडदा पांढरा झाला.

“तू बोललास?” रविकांतनं विचारलं.

“नाई.”

यंत्रवाल्यानं रोल पुन्हा लावला, तेव्हा शॉट चढावरच संपला. कंदीलही विझलेला होता.

सिनेमा लागला. अमरावतीत बरा चालला. लोकांना तो रात्रीचा प्रसंग फार आवडला. काकाला कामं मिळत गेली आणि तो ती करत गेला. घरी परत आला नाही. बाहेरचं शूटिंग असलं की आवाजवाला कधी ना कधी कानावरचा हेडफोन काढून इकडेतिकडे बघायचाच. कोण बाई बोलतेय? काका म्हणायचा, वारा असेल.

रविकांत प्रत्येक सिनेमात त्याच्यासोबत होता. एकदा त्याला राहवलं नाही.

“देवा, एकदा म्हणून टाक ना रे. तो एक शब्द. सुटेल ती.”

काका कांदा हातात फिरवत होता. दर थोड्या दिवसांनी तो नवा आणायचा.

“म्हटलं तर थांबंल ना ती.”

“मग?”

“थांबली का पडंल. मी तिले पडताना पाह्यलं नाई, रवी. मी पाह्यलं तवा ती चालून राह्यली होती.”

रविकांतनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

एकोणसत्तर साली काका दिल्लीच्या टेलिव्हिजनमध्ये होता. स्टुडिओ चार भिंतींचा, रान नाही, आकाश नाही, म्हणून त्यानं ती नोकरी धरली असावी. पण नोकरीच ती. कापसाच्या शेतीवर छोटा चित्रपट करायचा हुकूम आला. जिल्हा अकोला.

मे महिना. मूर्तिजापूरजवळचं रान. दुपार.

रविकांतही त्याच्यामागून दिल्लीला गेला होता, तोच कॅमेऱ्यावर होता. आवाजवाला दिल्लीचा, मराठीचा गंध नसलेला. शेतकरी उन्हाळी नांगरटीबद्दल बोलत होता. अचानक आवाजवाल्यानं हात वर केला.

“साब, कोई औरत है. बार-बार पूछ रही है. झालं काय, झालं काय...”

समोर रान रिकामं होतं. एक चिमणी नव्हती.

“साब, ‘झालं काय’ मतलब?”

काका उठला. आवाजवाल्याच्या माइकपाशी गेला. रविकांतला वाटलं, आता म्हणतोय. आता सुटली. त्याची नजर काकाच्या ओठांवर होती.

काकाचे ओठ हलले. शब्द आला होता. रविकांतनं शपथेवर सांगितलं, शब्द ओठावर आला होता.

मग काका माइकमध्ये हळूच म्हणाला,

“नाई झालं, बाई. चालत राह्य.”

वारा पडलेला होता. आवाजवाला हेडफोन दाबून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला.

“क्या बोली?” रविकांतनं विचारलं.

“कुछ नहीं साब. सिर्फ एक लफ्ज.” त्यानं तो शब्द नीट जुळवून उच्चारला.

“बरं.”

हे सगळं मला रविकांतनं सांगितलं, काकाच्या अंत्ययात्रेहून परतताना. खरं-खोटं करायला काका उरला नव्हता. त्याच्या उशाशी सुकून कागद झालेला एक कांदा होता. तो मी स्वतः पाहिला.

आम्ही भूत मानत नाही. आजही नाही. पण मला एक प्रश्न पडतो आणि मग झोप लागत नाही. तो शब्द म्हणायचा हक्क एकट्या दिग्दर्शकाचा. तो तर गेला.

आता तिला कोण सांगणार?

मूर्तिजापूरवरून अमरावतीला जाताना आमच्या गाडीत कुणी फारसं बोलत नाही. कुणाचं जेवण झालं का, काम झालं का, एवढंही त्या वाटेवर आम्ही विचारत नाही.