यंत्र म्हणतं, बेडूक

शनिवारी सकाळी सव्वासहा वाजता सोलापूरजवळच्या माळावर तिघं जण गवतात दबून बसले होते: अंबादास गड्डम, त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मी आणि चोवीस वर्षांची मुलगी लावण्या. तिघांच्या कानात शेंगदाण्याएवढं एकेक यंत्र होतं. आठ महिन्यांपूर्वी या घरात कावळा आणि चिमणी सोडून तिसरा पक्षी कुणाला ओळखता येत नव्हता.

सुरुवात अंबादास यांच्या कानांमुळे झाली. एकतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणताना उंच सूर त्यांच्या कानातून कायमचे गेले होते. सूरउतार हे नवं यंत्र असे सूर पकडतं आणि कानाला अजून ऐकू येतं त्या पट्टीत खाली आणून देतं. पण हे उतरवलेले आवाज ओळखायला मेंदूला नव्यानं शिकावं लागतं. "पक्षी ऐका," कानाच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या. "याहून चांगला सराव नाही." एकट्यानं जायला ते लाजत होते, म्हणून लावण्या सोबत निघाली, आणि हे दोघं दर रविवारी जातात तरी कुठे, हे बघायला विजयालक्ष्मी. आता रविवार चुकला तर त्यांनाच चैन पडत नसे.

सूरउतार ऐकलेल्या आवाजाचं नावही मनगटावरच्या पडद्यावर दाखवत असे, म्हणून मायलेकींनीही एकेक घेतलं होतं. हेच ओळखतंत्र माळावरच्या नऊ ध्वनिखांबांत बसवलं होतं. खांबांनी तीन वर्षं ऐकलं. एकही दुर्मीळ पक्षी नोंदला नाही. म्हणून दोनशे एकर माळ गोदामांसाठी द्यायचं ठरलं. हरकतीची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती, म्हणून या आठवड्यात तिघं शनिवारीही आले होते. नियम साधा होता: दुर्मीळ पक्ष्याची यंत्रानं केलेली नोंद हवी, नाहीतर स्पष्ट छायाचित्र.

सत्तावन्नाव्या वर्षी अंबादास यांनी आयुष्यातला पहिला चंडोल ऐकला तो याच माळावर.

"टर्रर्र," गवतातून आवाज आला.

"बेडूक," लावण्या पडदा बघून पुटपुटली.

"नाही."

"नाना, यंत्र सांगतंय."

"सांगू दे. एक बेडूक ओरडला की दहा जाब देतात. हा एकटाच आहे. ठोका ऐक ना. एकच माग चालू आहे, आणि विणकर घाईत नाही."

चोवीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धागा तुटला, हे अंबादास पाठमोरे असतानाही सांगत. लावण्याला हे ठाऊक होतं, तरी यंत्र आजवर चुकलं नव्हतं.

विजयालक्ष्मी मघापासून मोजत होत्या. बाराव्या वर्षापासून त्यांनी बिड्या वळल्या. बंडल पंचवीसचं, त्यांची बोटं आपोआप मोजत. "दोन आवाजांच्या मध्ये माझं एक बंडल भरतंय," त्या म्हणाल्या. "दर वेळी. एक बिडी कमी नाही, जास्त नाही."

इतक्यात साठेक पावलांवर गवतातून काहीतरी काळं-पांढरं माणूसभर उंच उडालं आणि खाली पडलं.

"उडीऽ! उडी मारली बघ!" अंबादास ओरडले.

कारखान्यात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. एकतीस वर्षांची सवय. टिटव्या कल्ला करत उठल्या आणि ठोका थांबला. लावण्याचा कॅमेरा अजून पिशवीत होता.

"झालं," विजयालक्ष्मी म्हणाल्या. "पार अक्कलकोटपर्यंत कळवलंत."

अंबादास यांनी मान खाली घातली. दुपारपर्यंत बसूनही आवाज पुन्हा आला नाही.

पक्षीमंडळ चालवणारे निवृत्त शिक्षक बिराजदार सर फोनवर आवाजाबद्दल, उडीबद्दल खोदून विचारत राहिले. मग म्हणाले, "तणमोर! फार दुर्मीळ पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून उड्या मारतो आणि बेडकासारखा ओरडतो. मी इथे कधी पाहिला नाही हो. पण माझ्या शब्दाला काय किंमत? फोटो आणा."

रविवारी दिवसभर वारा सुटला होता. काहीच मिळालं नाही.

सोमवारी निघतानाच ठरलं की माळावर तोंड उघडायचं नाही. मागवाल्यांची हाताची भाषा असते: धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, मालक आला. अंबादास घरी जेवतानाही याच खुणा करत, त्यामुळे दोघींना त्या पाठ होत्या.

सात वाजून दहा मिनिटांनी अंबादास यांनी मिशीला पीळ दिल्यासारखी बोटं फिरवली. मालक आला. ठोका सुरू झाला होता. विजयालक्ष्मींची बोटं मोजू लागली. पंचविसाव्याला त्यांनी लावण्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि लावण्यानं कळ दाबली. पहिल्या फोटोत नुसतं गवत. दुसऱ्यात एक पंख. पुन्हा पंचवीस, पुन्हा टिचकी. तिसऱ्या फोटोत अख्खा पक्षी हवेत होता: काळी मान, पांढरे पंख, डोक्यामागे वर वळलेली बारीक पिसं.

अंबादास यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

चार वाजून वीस मिनिटांनी लावण्यानं छायाचित्र आणि यंत्रात टिपलेली ध्वनिफीत हरकतींच्या कार्यालयात दाखल केली. अधिकारी बाईंनी फीत यंत्राला ऐकवली. यंत्र म्हणालं, बेडूक. बाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"उडणारा बेडूक मी तरी पाहिलेला नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का उमटवला. हरकत मान्य. काम स्थगित.

बाहेर येताच अंबादास असे ओरडले की दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी खिडकीतून वाकून पाहिलं. या वेळी विजयालक्ष्मीही ओरडल्या.

मंगळवारी लावण्यानं खांबांच्या जुन्या नोंदी मागवल्या. तीन वर्षांत 'बेडूक' हा शेरा एक्केचाळीस हजार तीनशे बारा वेळा होता.

"नाना, यात एकटे ओरडणारे किती असतील?"

"एकेक लाव," अंबादास म्हणाले. विजयालक्ष्मी शेजारी येऊन बसल्या. मोजायला कुणीतरी हवंच होतं.

लावण्याचं बोट मात्र यादीच्या तळाशी थांबलं. हेच खांब आणखी सतरा माळांवर बसवले होते. त्यांतल्या अकरांवर आता गोदामं उभी होती. तिथे यंत्रानं कुणाकुणाला बेडूक म्हटलं होतं?